पाठीवरची जागा

आमच्या गावाला चढ नाही.
जटलंडच्या या पश्चिम टोकाला आहे तो फक्त वारा,
तोच आमचा घाट.
मार्चपासून दर रविवारी सतरा जण त्याच्या अंगावर जातो
आणि मिठाने पांढरे होऊन परततो.
जुलैत पॅरिस गाठायचं. बाराशे किलोमीटर.
दर किलोमीटरमागे कोणीतरी पैसे देतं,
ते कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जातात.
हिशेब माझ्याकडे.

जर्सीवरची जागा आम्ही सेंटिमीटरवर विकतो.
छाती बेकरीवाल्याची,
डावी बाही मासळीच्या लिलावघराची,
उजवी दातांच्या डॉक्टरीणबाईंची.
पाठ सगळ्यात महाग, कारण मागून येणारा तीच वाचतो.
त्या वर्षी पाठीला एकच गिऱ्हाईक आलं:
व्हिलास ब्रोर्सेन, शवपेट्या आणि अंत्यविधी.
चाळीस हजार क्रोनर.
टोपी हातात धरून उभा,
लोकांच्या दारात उभा राहतो तसाच.

बंबखान्यात बैठक भरली.
थोर्किल म्हणाला, हे शोभतं का?
कर्करोगासाठी सायकल हाणायची
आणि पाठीवर पेटीवाला?
कोणी म्हणालं, आतून छापू, अस्तराला.
कॉफी निवली.
सगळे इकडेतिकडे बघत होते,
फक्त राग्नहिल्डकडे नाही.
तिचे केस नुकते बोटभर आले होते,
भिजलेल्या पिलासारखे.
तिने केकचा तुकडा संपवला, बोटं पुसली.
"दोन वर्षं तो माझ्या मागे लागलाय,
फुकट.
आता निदान पैसे तरी भरू दे."

इतिवृत्तात मी लिहिलं: ठराव मंजूर.
हसण्याची नोंद करायला रकाना नव्हता.

रांगेत मी तिच्या मागे.
जर्मनीतल्या पावसात, बेल्जियमच्या दगडी फरशीवर
सहा दिवस एकच मजकूर वाचला:
ब्रोर्सेन. शांतपणे, सन्मानाने. १९५८ पासून.
फोन नंबर अजून तोंडपाठ आहे.

आर्देनमध्ये खरा चढ आला.
आम्ही सपाटीची माणसं,
रस्ता असा उभा राहतो हे माहीतच नव्हतं.
तिची सायकल डुलू लागली.
मी शेजारी गेलो, सरावात शिकवतात तसा
दोन खांद्यांच्या मध्ये तळवा टेकवला.
बरोबर नावावर.
"ढकलू नकोस," ती म्हणाली.
पुढच्या वळणावर, धापा टाकत:
"काढूही नकोस."
तळव्याखाली बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या.
नाव तिथेच होतं,
तेवढा वेळ वाचता येत नव्हतं, इतकंच.

पॅरिसबद्दल सगळे विचारतात.
गर्दी होती. मला भूक लागली होती.

सप्टेंबरात रक्कम पोचती केली,
सहा लाख बारा हजार चारशे तीस.
प्रयोगशाळेतल्या बाईने फ्रीज उघडला.
उणे ऐंशी. वाफ. बोटाएवढ्या हजारो नळ्या.
"यातल्या काही तुमच्या," ती म्हणाली.
कुठल्या, ते सांगितलं नाही.
थोर्किलने उगाच चष्मा पुसला.

फेब्रुवारीत व्हिलास पुन्हा आला.
टोपी हातात, रक्कम तीच, जागा तीच.
"फक्त यंदा नाव नको," म्हणाला.
"कोरी ठेवा."
मी कारण विचारलं नाही.
राग्नहिल्डने या खेपेला
एक नंबर मोठी जर्सी मागितली होती,
पण ते त्याला कळायचं काही कारण नव्हतं.
गाव लहान आहे, एवढंच म्हणेन.
पावती फाडली. तपशिलात लिहिलं: पाठ.

छापखान्यातून दोनदा फोन आला,
पाठीवरचा मजकूर पाठवायचा राहिलाय का?
नाही, म्हटलं.
पाठवलाय.